कॉईल घरून येते

"तुमी भागीरथावयनीची पोरगी ना?"

अमरावतीच्या मोटारस्टँडवर मागून कोणीतरी विचारलं आणि शकुनचं पाऊल जागच्या जागी थांबलं. शाळेतल्या मुलींसाठी ती बाई होती, घरमालकिणीसाठी मास्तरीण, आणि अकोल्याकडच्या सगळ्या ओळखीत शेषराव वायरमनची पोरगी. आईच्या नावानं तिला आजवर कोणी ओळखलं नव्हतं. आई होती तेव्हाही नाही. तिनं वळून पाहिलं. धोतर आणि बंडीतला एक उंच माणूस, खांद्यावर पिशवी, मिशीला कापसाचा एक तंतू चिकटलेला. जानेवारीत सगळ्या वऱ्हाडाच्याच अंगावर कापूस असतो.

"मी पंजाबराव. तिवशाचा. तुमच्या बाबाच्या नकाशावरून रेडिओ बनवला नाही का, तोच. पह्यल्यांदा तुमच्या घरी आलो त तुमची माय म्हने, पाटील, तुमाले आमच्या घरचं चालते काय? म्या म्हटलं, चालते, पन झुनका तिखट पाह्यजे. मंग तिनं असा तिखट केला का बाई, तिवशापर्यंत पानी पेत गेलो." तो हसला, आणि हसणं मध्येच आवरून त्यानं टोपी सारखी केली. "नागपुराहून येऊन राह्यलो, अकोल्याले चाललो. नवा वॉल्व्ह भेटला एकदाचा, सारेच सेट चालू होतीन एवढे भेटले. पन त्याले कॉईल नव्यानं गुंडाया लागते. आन कॉईल गुंडायनारी त गेली."

शकुननं पदर सारखा केला.

"शेषरावभाऊ म्हने, वयनीच्या हातची एक शिल्लक हाये. पोरीजवळ. ती उकलून पाह्यली त समजीन तरी, कशी करे ते."

"बाबांनी मला काही सांगितलं नाही."

"त्याच्या तोंडून निंघन नाही. म्हनून त म्या म्हटलं." मोटार सुटायची घंटा झाली तसा तो लगबगीनं निघाला आणि पायरीवरून वळून म्हणाला, "पाहा बाप्पा. तुमची वस्तू हाये, जबरदस्ती नाही. पन मुक्या डब्याकडं पाह्यवत नाही."

मोटारीची धूळ खाली बसेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. मग खोलीकडे चालू लागली. पानठेल्यावरचा रेडिओ खणखणीत गात होता. विकतचा रेडिओ; त्याला कोणाच्या हातचं काही लागत नव्हतं. वस्तू, असं म्हणाला तो. ट्रंकेत हिवाळी शालीच्या घडीत ठेवलेली ती पुठ्ठ्याची नळी तिच्या डोळ्यांसमोर आली, तिच्यावरचे तांब्याचे वेढे, एकासारखा एक, दोन वेढ्यांमधली फट शेवटपर्यंत सारखी, आणि वर लाखेचा पातळ पिवळा थर. नोकरी लागली तेव्हा आईनं ती तिच्या हातात दिली होती. तुह्या खोलीत रेडिओ करून देतो म्हन्ते तुहा बाप, तवा हे त्याच्यात लावजो. बाबांना वेळ झाला नाही. आणि मग भाद्रपदात आईला कावीळ झाली. रेडिओ नसलेली कॉईल उरली. ती काही पकडत नव्हती, काही बोलत नव्हती, तरी शकुन कधीतरी ट्रंक उघडून तिचा वास घेई. लाखेचा, आणि लाखेच्या मागे आणखी कसला तरी, जो दर वेळी थोडा कमी होत होता. तो नाहीसा होण्याच्या भीतीनं अलीकडे तिनं ट्रंक उघडणंही सोडलं होतं.

हे सगळं सुरू झालं छप्पन सालच्या डिसेंबरात. बाबासाहेब गेल्याची बातमी अकोल्यात आली, पण बार्शीटाकळीच्या वस्तीत ती पोचली तेव्हा मुंबईला सगळं आटोपलं होतं. गावात रेडिओ होता, एका माडीवर. त्या माडीखाली उभं राहून ऐकायची सोय वस्तीतल्या कोणाला नव्हती, आणि माडीवरून खाली येऊन सांगावं असं कोणाला वाटलं नाही. त्या वस्तीतला डोमाजी शिंपी हे सांगायला अकोल्याला घरी आला होता. सांगता सांगता तो एकदम ओरडला होता, "आमी त्या दिवशी कापूस येचत होतो, शेषरावभाऊ! गानं म्हनत येचत होतो!" दुसऱ्या महिन्यात बाबांनी कुठल्याशा जुन्या लष्करी सेटाची मोडतोड मिळवून, रात्रीच्या पाळीनंतर सकाळी जागून, एक रेडिओ बनवला. मग त्याचा नकाशा काढला. आणि नकाशा वाटून टाकला. ज्याला पाहिजे त्यानं उतरवून न्यावा, ज्यानं बनवला त्यानं दुसऱ्याला शिकवावं, ज्याला त्यात काही चांगलं सुचलं त्यानं कार्ड टाकून सगळ्यांना कळवावं. अट एकच. "जे वऱ्हाडात भेटत नाही ते नकाशात टाकाचं नाही," बाबा म्हणत. "एक वस्तू बाहीरून आनली का तिच्या मांगून दहा येते. मंग त्या दहातली एक अडली का सारंच अडलं." नळी डोमाजीच्या दुकानातली, कापडाच्या ठाणात येते ती. तार कापसाच्या जिनातल्या, विजेच्या जळक्या मोटारींची. तिच्यावरचं आवरण जळून गेलेलं, नुसतं उघडं तांबं. डबा देवदाराच्या खोक्याचा. बाहेरचा म्हणून दिव्यासारखा काचेचा एक वॉल्व्ह तेवढा होता, आणि तो बाबांना नेहमी खटकायचा. या वॉल्व्हचं काय करावं, या वॉल्व्हचं काय करावं, असं ते जेवतानाही म्हणायचे, आणि आई भाकरी वाढताना म्हणायची, "त्याले बी जेवू घाला, म्हनजे घरचा होईन."

उघड्या तारेची कॉईल गुंडाळणं म्हणजे, डोमाजी म्हणायचा, निसरड्या दगडावर सात पोरं उभी करणं. एक वेढा दुसऱ्याला नुसता टेकला की सेट मुका. तो स्वतः बटणाला काजं करणारा माणूस, तरी त्याच्याकडून झालं नाही. पंजाबरावांकडून झालं नाही. बाबांकडूनही नाही. बाबा सकाळी ड्यूटीवर जाताना नळी आणि तार घरात ठेवून जात आणि संध्याकाळी आले की कॉईल फळीवर वाळत असे. त्यांनी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. कोणी नवा माणूस नकाशा न्यायला आला, की बाबा एकेका भागावर बोट ठेवून तो कुठून मिळवायचा ते सांगत, आणि कॉईलशी आले की त्यांच्या आवाजात थोडी ऐट येई. "हे घरून येते," ते म्हणत. आणि तो माणूस मान डोलावून लिहून घेई: कॉईल, शेषरावांच्या घरून.

आई गेल्यावर वर्षभरात जुने वॉल्व्ह एकामागून एक गेले. तसले पुन्हा नागपुरात मिळेनात. सेट बंद पडत गेले, तशी बाबांची कार्डं येत गेली. आज बार्शीटाकळीचा गेला. आज पलीकडच्या वस्तीतला गेला. शकुन ती कार्डं वाचून पुस्तकात ठेवी, आणि तिला दुःख होत नसे. उलट छातीत काहीतरी सैल होई. आईला आगीच्या स्वाधीन करून लोक परतले होते, आठव्या दिवशी बाबा पाळीवर गेले होते, घरामागची शेजारीण दुसऱ्याच कोणाला पापड लाटायला बोलावू लागली होती. जगात कुठंच भोक पडलं नव्हतं. ते इथं पडलं होतं. एकेक डबा गप्प होत होता, आणि कोणाला कळो न कळो, ती शांतता आईची होती. तेवढी तरी तिची होती. आता नवा वॉल्व्ह आला होता. कॉईल उकलायची, पाहायची, शिकायची, की भोक बुजलं.

तिला स्वतःच्या या विचाराची भीती वाटली. वस्तीतले लोक संध्याकाळी डब्यासमोर कसे बसत ते तिनं पाहिलं होतं. म्हाताऱ्या तर बातम्या देणाऱ्याला उत्तरं देत. तरीही विचार गेला नाही. त्या आठवड्यात तिनं वर्गात दोनदा तीच कविता शिकवली आणि मुलींनी सांगितल्यावर तिच्या लक्षात आलं.

रविवारी शाल तशीच घडीसकट पिशवीत घालून ती गाडीत बसली. बडनेऱ्याला गाडी बदलली. मूर्तिजापूर गेल्यावर डब्यातल्या एका बाईनं तिला पिशवी वरच्या फळीवर ठेवायला सांगितलं, तर ती नको म्हणाली. "अंडे हायेत काय वं?" बाईनं विचारलं. शकुन हसली. आई असती तर तिनं उत्तर दिलं असतं. शकुनला अशी उत्तरं नेहमी गाडीतून उतरल्यावर सुचत.

अकोल्यात मोर्णा नदीच्या पुलावरून जुन्या शहरात शिरताना कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. घराच्या दारात डोमाजी बसला होता, गळ्यात टेप, जणू दुकानातून तसाच उठून आला होता. बाबा आत खाटेवर होते. तिनं पिशवी खाली ठेवली तेव्हा दोघांनीही तिच्याकडे पाहण्याचं टाळलं.

"पंजाबरावानं सांगतलं वाटते," बाबा म्हणाले.

"हो."

"म्या नव्हतं सांग म्हटलं त्याले."

"पन नको सांगू असंबी नव्हतं म्हटलं," डोमाजी म्हणाला.

"तू चूप बैस ना डोमा."

शकुननं शाल उलगडली. बाबांनी नळी हातात घेतली, उजेडाला धरली, फिरवली. आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा त्यांचा अंगठा वेढ्यांवरून हळूच गेला आणि परत आला. "कशी करे बाप्पा," ते पुटपुटले. मग नळी तिच्याकडे परत केली. "तू म्हनत असशीन तरच. नाही त राहू दे. झाले तेवढे दिवस झाले."

ती नाही म्हणू शकत होती. ते दोघंही तिनं नाही म्हणावं याची वाट पाहत आहेत की काय, असं तिला क्षणभर वाटलं. पण डोमाजीचा हात गळ्यातला टेप गुंडाळत आणि सोडत होता, आणि त्या हाताकडे पाहताना तिला कापूस वेचत गाणं म्हणणाऱ्या बायका दिसल्या, ज्यांना अजून काही कळलेलं नव्हतं. तिनं नखानं तारेचं टोक सोडवलं.

लाख कुरकुरली. तिचे पिवळे कपचे मांडीवर पडू लागले. पहिला वेढा सुटताना तिनं तारेवर बोट दाबून धरलं. नंतरचे सोपे गेले, फार सोपे गेले. इतक्या काळजीनं केलेली गोष्ट इतक्या लवकर सुटावी याचा तिला राग आला. तार सुटून वाकडीतिकडी तिच्या पदरात साठत गेली. बाबा वाकून पाहत होते. डोमाजी उठून जवळ आला. शेवटचं टोक नळीच्या भोकातून निघालं आणि संपलं. आत काही नव्हतं. कागद नाही, दोरा नाही, खाच नाही, खूण नाही. नुसती नळी, नुसती तार.

"काईच नाही," डोमाजी म्हणाला.

बाबा खाटेवर मागे टेकले. शकुनच्या मनात एकच वाक्य फिरत होतं, की आता तेही गेलं. आई गेली, आणि तिच्या हातचं राहिलं होतं ते आपण आपल्या नखांनी सोडवलं, आणि त्याच्या बदल्यात काही मिळालंही नाही. तिनं नळी नाकाशी धरली. वास होता. अजून होता. आणि तेवढ्या जवळून, दारातून तिरप्या येणाऱ्या उजेडात, नळीवर उरलेल्या लाखेत तिला दिसलं. तारेच्या जागी गुळगुळीत चर होते. पण दोन चरांच्या मधल्या भागात लाख गुळगुळीत नव्हती. तिच्यावर बारीक तिरप्या रेघा होत्या, एकीशेजारी एक, पिळाच्या. काहीतरी पिळाचं तिथं दाबून बसलं होतं, आणि नंतर नव्हतं.

तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीला ओढ लागली.

खरंच लागली, तिनं बोटाकडे पाहिलं. दुपारची वेळ, हेच दार. ती उंबरठ्यावर बाहेर तोंड करून बसलेली, डाव्या हातात वाचनालयाचं पुस्तक, उजव्या हाताच्या बोटात सुताची दोरी. दोरी पाठीमागे घरात गेलेली, आणि घरात आई. तू वाच, पन हात ढिला नको सोडू. मागून एक हलकी ओढ येई, ती सूत थोडं सोडी. पुन्हा ओढ, पुन्हा थोडं. कॉलेजच्या सुट्ट्यांत कितीतरी पुस्तकं तिनं तशी वाचली होती. आई गोधडीसाठी सूत गुंडाळते आहे, असंच तिला वाटे. एकदाही तिनं मागे वळून पाहिलं नव्हतं. पुस्तकातलं माणूस मरायला टेकलेलं असे, किंवा प्रेमात पडलेलं. आणि आई तिच्या पाठीशी तार आणि सूत जोडीनं नळीवर चढवत होती, तारेशेजारी सूत, सुताशेजारी तार, म्हणजे एका तारेनं दुसरीला शिवायलाच नको. मग लाख. मग लाख ओली असतानाच सूत अलगद काढून घ्यायचं. फट तेवढी राहते. ज्यानं ती ठेवली ते राहत नाही.

ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. माठातलं पाणी घेतलं, प्यायली नाही. तिला कळलं होतं, आणि ते फक्त तिला कळलं होतं. बाहेर दोन माणसं रिकाम्या हातांनी बसली होती आणि तिनं काहीच सांगितलं नाही तर ती तशीच उठून जातील, डबे गप्प राहतील, आणि आई एकटीच अशी राहील, जिला ते येत होतं. चुलीच्या वरच्या भिंतीवर धुराचा जुना पट्टा होता. बाबा आता स्टोव्हवर करून खात. पट्टा वाढायचा थांबला होता. ती त्याच्याकडे पाहत राहिली. मागून डोमाजीचा आवाज आला, हळू, समजुतीचा. "जाऊ द्या शेषरावभाऊ. पोरीले काही म्हनू नका. मी सांगतो वस्तीत, नाही जमत म्हनून. सवय होते मानसाले."

सवय होते. तिनं पाणी माठात परत ओतलं नाही, बाहेर येऊन तुळशीच्या जुन्या कुंडीतल्या मिरचीच्या रोपाला घातलं, आणि म्हणाली, "डोमाजीकाका, तुमच्याजवळ सूत आहे?"

डोमाजीनं सवयीनं खिशात हात घातला आणि रीळ बाहेर काढलं. "हे काय. काहून?"

तिनं सांगितलं. चार वाक्यांत झालं. डोमाजी हातातल्या रिळाकडे पाहत राहिला, आणि मग त्यानं ते रीळ आपल्याच कपाळावर हाणून घेतलं. "अबे! खिशातच होतं ना बे! शिंप्याच्या खिशात! आठ वर्सं मी घेऊन हिंडून राह्यलो!" तो हसत होता आणि त्याचे डोळे वाहत होते. बाबा हसले नाहीत. "इथं बसून करे?" त्यांनी विचारलं. "दारापाशी?" शकुननं होकारार्थी मान हलवली. "मी घरी नसन तवा," ते म्हणाले, कोणाला उद्देशून नाही.

नवी नळी काढली. नव्या वॉल्व्हला किती वेढे लागतील त्याचा हिशेब बाबांनी करून ठेवलाच होता. डोमाजी गुंडाळायला बसला, तार पायाच्या अंगठ्याला अडकवून, आणि शकुन सुताचं टोक बोटात घेऊन उंबरठ्याशी गेली. या वेळी तिनं तोंड आत केलं. तिला सगळं दिसत होतं. डोमाजीची जाड बोटं, दोन वेढ्यांनंतरची त्याची शिवी, पुन्हा सुरुवात. त्याची ओढ आईसारखी नव्हती. ती धसमुसळी होती, शिंप्याची होती. तरी तार जागेवर बसत गेली. लाख लावली. ती चिकट झाल्यावर बाबांनी स्वतः सूत ओढलं, आणि ते नळीवरून फिरत फिरत निघून आलं, कडक, पिवळं, वेढ्यांच्या आकारात वळलेलं. मागे फट राहिली. थोडी ओबडधोबड, पण सारखी.

उन्हं कलली तेव्हा कॉईल सेटात बसली. बाबांनी चकती फिरवली. खरखर आली, शीळ आली, आणि शिळेतून एक माणूस निघाला आणि कापसाचे भाव सांगू लागला, अगदी शांतपणे, जणू इतके दिवस तो सांगतच होता. डोमाजी उठून रस्त्यावर गेला आणि कोणाला तरी मोठ्यानं हाका मारू लागला. बाबांनी आवाज थोडा कमी केला.

"कार्डं नाही पुरनार याले," ते म्हणाले. "नकाशेच नवे धाडा लागते सगळ्याइले."

त्यांनी कागद पसरले. नळी काढली, तार काढली, वॉल्व्ह, बॅटरी, डबा. हात सरावाचा होता, भराभर चालला. कॉईलशी आल्यावर पेन्सिल कागदाच्या वर थांबली.

"हे कुठं दाखवू?"

"काय?"

"सूत. सेटात त ते राह्यतच नाही."

डोमाजी दारातून म्हणाला, "खालतं लिहा ना मंग, सबदात."

बाबांनी खाली लिहिलं. प्रत्येक शब्द आधी तोंडानं म्हणून. तारेसोबत सुताचा एक पदर गुंडाळावा. पूर्णविराम नीट गोल दिला. मग पुढची ओळ सुरू करण्यासाठी पेन्सिल टेकवली आणि ती तिथंच टेकलेली राहिली. कागदावर एक काळा ठिपका उमटला. रेडिओवरचा माणूस खामगाव म्हणाला, कारंजा म्हणाला. बाबांनी पेन्सिल उचलली आणि तिच्यासमोर ठेवली.

"तू लिही. तुहं अक्षर चांगलं हाये."

शकुननं पेन्सिल घेतली. तिसरीच्या मुलींना फळ्यावर शब्द लिहून देते त्या गोल, सुट्या अक्षरात तिनं लिहिलं: लाख ओली असतानाच सूत काढून घ्यावे. बाबांनी वाचलं नाही. त्यांनी दुसरा कागद ओढला, चित्र काढलं, खाली आपली पहिली ओळ लिहिली, आणि तो तिच्याकडे सरकवला. तिनं पुन्हा लिहिलं. मग तिसरा.